मेंदू, मणका आणि दीडशे किलोमीटर

मेंदू आणि मणक्याच्या बहुतेक तक्रारींना शस्त्रक्रिया लागत नाही. ज्या थोड्यांना लागते, त्यांतल्या काहींना ती तासांच्या हिशेबाने लागते. घोटाळा होतो तो नेमका इथे. वर्षानुवर्षे कंबर दुखणारा माणूस एमआरआयची फिल्म घेऊन तीन शहरांतले दवाखाने पालथे घालतो. आणि डोक्याला मार लागून दोनदा ओकलेल्या पोराला ‘झोपू द्या, सकाळी बरं वाटेल’ म्हणून रात्रभर घरीच ठेवले जाते. पहिल्याला घाई नव्हती, दुसऱ्याला होती. दुखणे किती आहे यावरून माणसे घाई ठरवतात, पण मज्जासंस्थेच्या बाबतीत हे माप फसवे आहे. काय दुखते यापेक्षा काय करता येईनासे झाले, आणि ते किती वेळात झाले, हे दोन प्रश्न जास्त उपयोगाचे ठरतात.

ऊर्जानगरसारख्या ठिकाणी या प्रश्नांना अंतराचीही बाजू आहे. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची ही वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. शेजारी दुर्गापूर-पद्मापूरच्या उघड्या कोळसा खाणी, पलीकडे ताडोबाचे जंगल. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सीटी स्कॅन होतो, अतिदक्षता विभाग आहे. पण कवटी उघडण्याची चोवीस तास तयारी, मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याची सोय, मणक्याच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया हे सगळे मुख्यतः नागपुरात आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्राम-सावंगीकडे एकवटलेले आहे. नागपूर इथून सुमारे दीडशे किलोमीटर. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या माणसाला तेच नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर पडते, आणि पावसाळ्यात भामरागडकडचे नाले भरले की किलोमीटर मोजण्यातही अर्थ उरत नाही. म्हणून कोणत्या तक्रारीला थांबता येते आणि कोणत्या तक्रारीला नाही, हे इथल्या घराला शहरातल्या घरापेक्षा जास्त नीट माहीत असायला हवे.

न्यूरोसर्जन म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि त्यांतून निघणाऱ्या नसांवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. एमबीबीएसनंतर शल्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि त्यापुढे तीन वर्षांचे एमसीएच, असा त्याच्या शिक्षणाचा नेहमीचा मार्ग. भारतात या शाखेचा पहिला विभाग डॉ. जेकब चॅंडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला सुरू केला. न्यूरॉलॉजिस्ट वेगळा: तो मिरगी, अर्धशिशी, लकवा, कंपवात यांवर औषधांनी उपचार करतो. मणक्याच्या शस्त्रक्रिया न्यूरोसर्जनही करतात आणि मणक्याचे खास प्रशिक्षण घेतलेले अस्थिशल्यविशारदही. ‘मेंदूच्या डॉक्टरकडे कंबर कशी दाखवायची’ असा प्रश्न अनेकांना पडतो, पण न्यूरोसर्जनच्या बाह्यरुग्ण विभागात पाठ, कंबर आणि मानेचेच रुग्ण भरपूर असतात.

डोक्याला मार

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १,४०० ग्रॅमचा. त्याच्या भोवती आणि आतल्या पोकळ्यांत मिळून सुमारे दीडशे मिलिलिटर पाणी खेळते. हे सगळे हाडाच्या बंद पेटीत आहे आणि ती पेटी ताणत नाही. आत रक्त साचले, सूज आली, गाठ वाढली किंवा पाणी तुंबले, तर आधी थोडे पाणी आणि शिरांतले रक्त बाहेर ढकलून जागा केली जाते. ती सोय संपली की दाब झपाट्याने चढतो आणि मेंदू खालच्या एकमेव मोठ्या भोकाकडे सरकू लागतो. श्वासाचे केंद्र तिथेच आहे. काही तास बरा दिसणारा रुग्ण अर्ध्या तासात गंभीर होतो तो यामुळे.

चंद्रपूर-गडचिरोलीत डोक्याला मार लागण्याची कारणे शहरापेक्षा जास्त आहेत. हेल्मेटशिवाय दुचाकी आणि त्यावर तिघे, हे सगळीकडचेच. इथे त्यात रात्रीच्या जंगली रस्त्यावर आडवे येणारे रानडुक्कर, मोहाच्या किंवा ताडाच्या झाडावरून पडणे, उलटलेली बैलबंडी आणि बांधकामाच्या परांचीवरून कोसळणे यांची भर पडते.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे कवटी आणि मेंदूच्या बाहेरच्या आवरणामध्ये साचणारे रक्त. कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याला चिकटून एक धमनी जाते. हाड तडकले की ती फाटते. माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, बोलतो, चहाही पितो. मग डोके ठणकू लागते, उलटी होते, झोप येऊ लागते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. या टप्प्याआधी कवटी उघडून रक्त काढले तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो, कारण खालचा मेंदू मुळात शाबूत असतो. उशीर झाला तर तोच रुग्ण दगावतो. म्हणून मार लागल्यानंतर शुद्ध हरपली असेल, एकाहून अधिक उलट्या झाल्या असतील, झटका आला असेल, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल, डोळ्यांभोवती काळेनिळे झाले असेल, बोलणे असंबद्ध वाटत असेल किंवा घडलेले आठवत नसेल, तर त्याच दिवशी, त्याच तासात सीटी स्कॅन हवा. वय साठ-पासष्टच्या पुढे असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा माणूस दारू प्यायलेला असेल, तर निकष आणखी सैल ठेवावेत. ‘दारूमुळे पडून आहे’ हा निष्कर्ष स्कॅननंतरच काढायचा असतो. टाळूला टाके घालून झाले म्हणजे डोक्याच्या माराचा उपचार झाला, असेही नाही.

रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजायला जगभर ग्लासगो मापन वापरतात. टीसडेल आणि जेनेट यांनी ते १९७४ मध्ये मांडले. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे यांचे मिळून कमाल १५ आणि किमान ३ गुण. आठ किंवा त्याखाली गुण म्हणजे गंभीर इजा. ग्रामीण रुग्णालयातून रुग्ण पुढे पाठवताना हा आकडा चिठ्ठीवर वेळेसह लिहिलेला असला, तर नागपूरच्या डॉक्टरला वाटेत काय बिघडले ते कळते.

याच्या उलट, अगदी सावकाश होणारा रक्तस्राव म्हाताऱ्यांत दिसतो. मोरीत पाय घसरला, डोके भिंतीला लागले, कोणी लक्ष दिले नाही. तीन-चार आठवड्यांनी आजोबा अडखळत चालू लागतात, एक हात कमी उचलतात, विसरू लागतात. घरचे वयाला दोष देतात. प्रत्यक्षात मेंदूवर जुने, पातळ झालेले रक्त साचलेले असते आणि कवटीला छोटे भोक पाडून ते काढता येते. न्यूरोसर्जरीतल्या सगळ्यात समाधानकारक शस्त्रक्रियांपैकी ही एक आहे.

वाघ, बिबट्या आणि अस्वल यांच्या हल्ल्यातल्या जखमा पाठ्यपुस्तकांत क्वचित सापडतात. या दोन जिल्ह्यांत त्या नेहमीच्या आहेत. ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरही त्यातून सुटलेला नाही. वाघ-बिबट्या मानेला धरतात. बाहेरून सुळ्यांची दोन-चार लहान भोके दिसतात, आत मानेचा मणका मोडलेला, धमनी दुखावलेली किंवा कवटी भेदलेली असू शकते. अस्वल चेहरा आणि टाळू ओरबाडते. अशा प्रत्येक रुग्णाची मान मोडलेली आहे असे धरूनच त्याला हलवावे. जखम वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून ठेवावी, तिच्यात हळद किंवा पाला भरू नये. धनुर्वाताच्या आणि रेबीजच्या लशीही तितक्याच आवश्यक.

हलवण्याबद्दल एक गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला खाटेवर टाकून, खाट खांद्यावर घेऊन आणतात. तापाच्या रुग्णाला ते ठीक आहे. झाडावरून पडलेल्याच्या मणक्याला मात्र खाटेचा झोळ घातक आहे: सैल पडलेला मणका त्यात वाकतो आणि शाबूत असलेला मज्जारज्जू दबतो. खाटेवर आधी फळी किंवा काढलेले दार ठेवावे. डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत धरून तिघाचौघांनी रुग्णाला एकदमच त्यावर घ्यावे. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर किंवा तांदळाच्या पुरचुंड्या लावाव्यात. उचलून बसवणे, पाणी पाजणे आणि ‘उभं राहून बघ’ म्हणणे टाळावे.

लकवा

गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मलेरिया आणि साप यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात मृत्यूचे पहिले कारण लकवा निघाले. साधारण सातातला एक मृत्यू त्याने झाला होता. वाढलेला आणि न तपासलेला रक्तदाब, तंबाखू, दारू ही त्यामागची मोठी कारणे. तंबाखू म्हटले की इथे खर्रा आलाच.

चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात वर धरता येईना, बोबडी वळली, आणि हे सगळे अचानक झाले, तर तो लकवा समजावा. बहुतेक वेळा कारण रक्तवाहिनी बंद होणे हे असते, उरलेल्या वेळी ती फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि उपचार मात्र नेमके उलटे. म्हणून सीटी स्कॅन होईपर्यंत घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. वाहिनी बंद असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने काढण्याची मुदत सर्वसाधारणपणे सहा तास, आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत.

हा हिशेब ऊर्जानगरातून जमतो, कारण चंद्रपुरात तासाभरात स्कॅन होऊन इंजेक्शनचा निर्णय होऊ शकतो आणि मग गरज पडली तर नागपूर गाठता येते. गडचिरोलीतल्या एटापल्लीहून तो क्वचित जमतो. तरीही उशीर झाला म्हणून घरीच ठेवणे चूक. लकव्यात न्यूरोसर्जनचे काम बहुधा पहिल्या इंजेक्शननंतर सुरू होते. मेंदूचा मोठा भाग सुजला तर पहिल्या ४८ तासांत कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. साठच्या आतल्या रुग्णांत त्याने जीव वाचण्याची शक्यता बरीच वाढते, अपंगत्व मात्र काही प्रमाणात राहू शकते. लहान मेंदूत रक्तस्राव झाला आणि रुग्ण गुंगीत जाऊ लागला तर शस्त्रक्रिया तातडीची असते. कबुतराच्या रक्ताने मालीश, कानात तेल, गंडादोरा यांत जाणारे दोन-तीन दिवस नेमके हेच असतात.

लकव्यासारखे दिसणारे सगळेच न्यूरोसर्जनचे नसते. ताप, झटके आणि बेशुद्धी एकत्र आली तर या भागात आधी मलेरियाची रक्ततपासणी हवी. मेंदूचा मलेरिया फाल्सिपॅरम जातीच्या जंतूने होतो आणि त्याला शिरेतून औषध लागते, चाकू नाही. मे महिन्यात पारा ४६ अंशांवर असताना उन्हात काम करणारा मजूर बरळत कोसळला आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात: आधी सावली आणि थंड पाणी, मग गाडी. लहान मुलाला लकवा झाला तर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी विसरू नये.

डोकेदुखी, झटके, गाठ

डोकेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूत गाठ नसते. अर्धशिशी वर्षानुवर्षे येते-जाते, एका बाजूला ठणकते, उजेड सहन होत नाही. ती त्रासदायक आहे, घातक नाही. काळजी करावी अशी डोकेदुखी तिच्या वागण्यावरून ओळखू येते. कधी न दुखणारे डोके पन्नाशीनंतर दुखू लागले, आठवड्यागणिक वाढत गेले, पहाटे जास्त, वर उलटी, खोकताना ठणक, हळूहळू नजर अंधुक, अशी साखळी दिसली तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा आणि स्कॅन करावा. आणि डोक्यात स्फोट व्हावा तशी, एका क्षणात शिगेला पोहोचलेली, आयुष्यातली सर्वांत जबर डोकेदुखी, सोबत मान ताठ किंवा भोवळ, म्हणजे धमनीवरचा फुगा फुटल्याचा संशय. अशी डोकेदुखी गोळीने उतरली तरी रुग्णालयात जायचेच. फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो.

प्रौढ वयात पहिल्यांदा झटका आला तर मेंदूचा स्कॅन अवश्य करावा. कारण गाठच असेल असे नाही. डुकराच्या फितकृमीची अंडी दूषित पाणी, माती किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली की त्याच्या अळ्या मेंदूत घर करतात. भारतात प्रौढांच्या झटक्यांचे ते एक मोठे कारण आहे, आणि शाकाहारी माणसालाही ते होते. क्षयाच्या गाठीही अशाच दिसतात. दोन्हींवर बहुधा औषधे पुरतात. कित्येक वर्षे वाहणारा कान हेही दुर्लक्षिले जाणारे कारण आहे: तिथला पू हाड पोखरून मेंदूत शिरतो आणि गळू होते. ते मात्र तातडीने काढावे लागते. झटका चालू असताना तोंडात चमचा घालणे आणि चप्पल किंवा कांदा हुंगवणे याने काही साधत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णालय.

मेंदूच्या गाठींतल्या बऱ्याच कर्करोगाच्या नसतात. मेंदूच्या आवरणाची गाठ, पियुषिका ग्रंथीची गाठ, ऐकण्याच्या नसेवरची गाठ या हळू वाढतात आणि पूर्ण काढल्यावर माणूस नेहमीचे आयुष्य जगू शकतो. त्यांच्या खुणा सौम्य असतात: एकाच कानाने ऐकू कमी येणे, दोन्ही बाजूंची कडेची नजर जाणे, अंगठी आणि चपला घट्ट होत जाणे, बाळ नसताना दूध येणे, स्वभाव बदलणे. चेहऱ्याच्या एका बाजूला क्षणभर वीज चमकावी तशी कळ येते, तोंड धुताना किंवा घास घेताना ती सुरू होते, आणि रुग्ण एकामागून एक दात काढून घेतो. हे दुखणे दाताचे नसून चेहऱ्याच्या नसेचे. कार्बामाझेपिनने बहुतेकांना उतार पडतो. न पडल्यास नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करण्याची शस्त्रक्रिया आहे.

कंबर

रोवणीच्या दिवसांत बाई दिवसभर चिखलात कमरेत वाकलेली असते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची ओझी, त्याआधी मोह वेचणे, वर्षभर डोक्यावर पाणी आणि सरपण. खाणीतला डंपरचालक आठ तास हादरे खातो, वीज केंद्रातला तंत्रज्ञ अवघड जागी वाकून पाना फिरवतो. या परिसरात कंबरदुखी नसलेले घर शोधावे लागेल. ‘सर्च’ने आपल्या शोधग्राम इथल्या माँ दंतेश्वरी रुग्णालयात मुंबईच्या डॉ. शेखर भोजराज आणि त्यांच्या स्पाइन फाउंडेशनच्या मदतीने मणक्याची तपासणी आणि शस्त्रक्रियांची शिबिरे सुरू केली, ती याच मागणीतून. गावकऱ्यांसाठी कंबर ही किरकोळ तक्रार नाही. कंबर धरली की मजुरी बुडते.

तरीही कंबरदुखीच्या शंभर रुग्णांपैकी फार थोड्यांना शस्त्रक्रिया लागते. स्नायू आणि सांध्यांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणावर पडून राहिल्याने ते लांबते. झेपेल तेवढे हिंडणे-फिरणे हाच उपचार. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली तर कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो: कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ, मुंग्या, खोकताना झटका. हेदेखील बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत औषध आणि व्यायामाने शमते, कारण सरकलेला तुकडा शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेते.

मग एमआरआयमध्ये ‘गादी सरकली आहे’ असे लिहून येते त्याचे काय? १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर कधीच न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत एखादी तरी गादी फुगलेली आढळली. वयाबरोबर गाद्या झिजतातच. त्यामुळे फिल्ममधल्या खुणा आणि रुग्णाच्या पायातली नेमकी कळ जुळली तरच त्या फिल्मला अर्थ. नुसत्या अहवालावरून शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या डॉक्टरपेक्षा पाय उचलून, हातोडी मारून, टाचेवर चालवून पाहणारा डॉक्टर अधिक भरवशाचा.

घाई कुठे करायची ते स्पष्ट आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि खाली नसांचा झुबका उतरतो. लघवी, शौच आणि दोन्ही पाय त्याच्यावर अवलंबून असतात. मोठी गादी मध्यभागी सरकून हा झुबका दबला की लघवी तुंबते किंवा नकळत गळते, बसण्याच्या जागेला बधिरपणा येतो, दोन्ही पायांतली ताकद जाते. अशा वेळी शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली पाहिजे. नंतर झाली तर पाय सुधारले तरी लघवीवरचा ताबा परतेलच असे नाही. विचित्र म्हणजे या टप्प्यावर कळ कधीकधी कमी होते आणि रुग्णाला बरे वाटू लागल्याचा भास होतो. बायका लघवीची तक्रार सांगायला लाजतात, म्हणून डॉक्टरने आणि घरच्यांनी ती विचारून घ्यावी. पाऊल अचानक लुळे पडून चालताना चवडा घासू लागला तरी काही दिवसांत न्यूरोसर्जन गाठावा.

काही कंबरदुख्या इथल्या मातीच्या आहेत. रात्री वाढणारे, विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे, सोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरणारे वजन म्हणजे मणक्याचा क्षय असू शकतो. औषधे वर्षभर किंवा जास्त चालतात, आणि पू किंवा मोडलेल्या हाडाने रज्जू दबला तरच शस्त्रक्रिया. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते प्यायल्याने दात पिवळे-तपकिरी पडतात, मणक्याचे बंध हाडासारखे कडक होतात, पाठ फळीसारखी ताठते आणि शेवटी रज्जूची वाट अरुंद होते. अशा रुग्णाची पाण्याची तपासणी एमआरआयइतकीच महत्त्वाची. आणि तरुण मुलगा कुल्ल्यात किंवा जांघेत दुखते म्हणून लंगडू लागला, मांडी घालून बसता येईना, तर मणक्याआधी खुब्याचा फोटो आणि सिकलसेलची तपासणी करावी. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजते आणि कितीतरी जणांवर कंबरेचे उपचार होत राहतात.

साठीनंतरचे एक दुखणे ऐकताक्षणी ओळखू येते. शेतापर्यंत चालताना दोनदा-तीनदा बसावे लागते, पाय जड होतात, बसले किंवा पुढे वाकले की मोकळे वाटते, सायकल मात्र कितीही चालवता येते. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याची ही खूण. चालण्याचे अंतर घटत चालले आणि औषधाने फरक पडेना, तर हाड कोरून वाट मोकळी करण्याची शस्त्रक्रिया उतारवयातही चांगला गुण देते.

मान

कमरेचे दुखणे ओरडून सांगते; मानेत रज्जू दबला तर दुखत नाही, असेही होते. शर्टाची बटणे लावता येईनाशी होतात, सुईत दोरा जात नाही, पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही, अंधारात तोल जातो, पाय ताठ पडतात. डोक्यावर वर्षानुवर्षे ओझी वाहिलेल्यांत आणि उतारवयात हे जास्त दिसते. इथे थांबण्याने फायदा होत नाही, कारण गेलेले कौशल्य शस्त्रक्रियेने पूर्ण परत येण्याची खात्री नसते; आहे ते टिकवणे हा पहिला हेतू. मान मोडणारा मालीशवाला अशा माणसासाठी धोकादायक आहे. नुसती मान अवघडणे किंवा हातात अधूनमधून मुंग्या येणे मात्र महिनाभर व्यायाम आणि औषध करून पाहण्यासारखे.

लहान मुले

बाळाच्या मज्जासंस्थेची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे बहुधा आईला दिवस गेल्याचे कळण्याआधी. ती पाठीवर मिटली नाही तर पाठीवर पाण्याची गाठ घेऊन मूल जन्मते, पाय अशक्त राहतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले, की आधी असे मूल झालेल्या आईने गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर पुढच्या बाळातला धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो. सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते, पण ते लग्नानंतर, दिवस जाण्याआधी सुरू करायला हवे. तिसऱ्या महिन्यात अंगणवाडीतून मिळालेली गोळी या एका कामासाठी उशिराची.

बाळाचे डोके महिन्यागणिक वयाच्या मानाने जास्त वाढत असेल, टाळू फुगलेली असेल, डोळे खाली झुकलेले दिसत असतील, तर मेंदूत पाणी साचते आहे. आशाताईच्या हातातली मापाची फीत हे ओळखायला पुरते. बारीक नळी घालून ते पाणी पोटात सोडतात. काही मुलांत दुर्बिणीने आतल्या आत वाट करून देता येते. नळी घातलेल्या मुलाला पुढे कधीही उलट्या, सुस्ती आणि डोकेदुखी झाली तर ते अपचन समजू नये, नळी तुंबली असू शकते. पाठीच्या खालच्या टोकाला केसांचा झुपका, खळगा किंवा चरबीची गाठ असणाऱ्या मुलालाही एकदा दाखवून घ्यावे.

जाण्याआधी आणि आल्यावर

तातडीच्या रुग्णासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. तिला बोलावतानाच काय झाले, केव्हा झाले आणि रुग्ण शुद्धीवर आहे का, हे सांगावे. लकव्यात ‘केव्हा’ म्हणजे रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ. थेट नागपूरकडे धावण्यापेक्षा जवळच्या ठिकाणी श्वास, रक्तदाब आणि स्कॅन उरकून, पुढच्या रुग्णालयाला फोन करून निघणे बहुतेक वेळा शहाणपणाचे: वाटेत श्वास कोंडलेला रुग्ण तिथे पोहोचूनही वाचत नाही. घाई नसलेल्या भेटीसाठी सगळ्या जुन्या फिल्म्स, नुसते अहवाल नव्हे, चालू गोळ्यांची पाकिटे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाची माहिती न्यावी. सीटी काही मिनिटांत रक्त आणि हाड दाखवतो. एमआरआयला अर्धा तास किंवा अधिक लागतो, पण नसा, गादी आणि रज्जू त्यातच दिसतात. शरीरात पेसमेकर किंवा डोळ्यात लोखंडाचा कण गेल्याचा इतिहास असेल तर एमआरआयपूर्वी सांगणे आवश्यक; वर्कशॉपमध्ये घासकाम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

खर्चाची बाजू पूर्वीइतकी अंधारी राहिलेली नाही. २०१२ मध्ये गडचिरोलीसह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले, आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मेंदू आणि मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात येतात. शिधापत्रिका आणि आधार सोबत असावे, आणि अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे.

घाई नसलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरला विचारण्यासारखे प्रश्न साधे आहेत: शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? दुखणे जाईल की फक्त पुढचे नुकसान थांबेल? कामावर कधी जाता येईल? ‘मणक्याला हात लावला की माणूस लुळा होतो’ ही भीती गावोगाव आहे. धोका शून्य नसतो, पण लुळे पडलेले अनेक रुग्ण शस्त्रक्रियेला उशिरा आलेले असतात आणि दोष शस्त्रक्रियेच्या माथी बसतो. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यात संकोच नसावा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

परतल्यावरची महत्त्वाची कामे घरातच होतात. झटक्यांची गोळी डॉक्टरने सांगेपर्यंत एक दिवसही चुकवायची नाही. अचानक बंद केल्यास झटक्यांची रांग लागते. कवटीचे हाड काढलेले असेल तर त्या बाजूला झोपवू नये आणि हाड परत बसवण्याची तारीख चुकवू नये. ज्याचे पाय गेले आहेत त्याची कूस दर दोन तासांनी, रात्रीही, बदलावी. टाच, माकडहाड आणि खुबा रोज उजेडात पाहावेत, कारण बधिर त्वचेवरचा लाल डाग चार दिवसांत खोल जखम होतो. लघवीसाठी कायमची नळी ठेवण्यापेक्षा दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून काढणे बरे. रुग्णालयातून निघण्याआधी घरातल्या दोघांनी तरी ते परिचारिकेसमोर स्वतः करून शिकून घ्यावे.